टिंबानं सुरू होणारी फाईल

होळीनंतर चार दिवसांनी, सकाळी, नलिनी गेली. मी दूध घेऊन आलो तेव्हा ती खुर्चीत होती. समोर कॉम्प्युटर चालू होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि वेळ सांगितली. नंतर कोणीतरी कॉम्प्युटर बंद केला.

त्याला आता वर्ष झालं, आणि मेहकरात पुन्हा उन्हाळा आला आहे. गल्लीत माळ्यांवरून कूलर उतरले आहेत. ताट्यांमधलं जुनं गवत झटकून लोक नवं भरत आहेत, आणि दुपारी त्या ओल्या गवताचा वास खिडकीतून आत येतो. गच्च्यांवर कुरडया वाळताहेत. दहावीचे पेपर संपत आले. ह्या वासाबरोबर मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात मी, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर, पहिल्यांदा नलिनीच्या टर्मिनलसमोर बसलो. ऋतू आपल्या वेळेवर येतो याचा राग धरू नये, हे मला कळतं. तरी राग येतो.

नलिनी माझी बायको. तंत्रनिकेतनात सव्वीस वर्षं तिनं मुलांना कॉम्प्युटर शिकवला. घरातला कॉम्प्युटर तिचा होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण गल्लीत तो आजही ‘सरांचा कॉम्प्युटर’ आहे. दुरुस्तीला माणूस आला की तो मला विचारायचा, “सर, काय प्रॉब्लेम हाय?” उत्तर नलिनी द्यायची. तो ऐकायचा तिचं आणि मान हलवायचा माझ्याकडे पाहून. तिला हसू यायचं. मला तेव्हाही येत नसे.

त्या कॉम्प्युटरात एक फाईल होती. तिच्या टर्मिनलच्या मांडणीची. ती मला परत हवी होती, आणि ती पुसली गेली आहे. कोणी चोरली नाही, कोणी वैरानं पुसली नाही. चांगल्या माणसांनी, चांगल्या हेतूनं, धुऊन टाकली. मी लिहायला बसलो आहे तो त्याबद्दल.

टर्मिनल म्हणजे काय, हे मलाही उतारवयात कळलं. पडद्यावर एक काळी खिडकी. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, कॉम्प्युटरनं तिचं उत्तर लिहून द्यायचं. पूर्वी म्हणे टर्मिनल ही एक खरी वस्तू असे. पडदा आणि कळफलक एका खोलीत, त्यांना जोडलेलं मोठं यंत्र दुसऱ्या खोलीत. ती वस्तू गेली. आता कॉम्प्युटरात एक प्रोग्रॅम तिचं सोंग घेतो. “सोंग हाय, पण इमानदार सोंग हाय,” नलिनी म्हणायची. “पन्नास वर्षांआधीच्या यंत्रासोबत जसं बोलत होते, तसंच याच्यासोबत बोला. वळखते.”

घरी येणाऱ्यांना तो काळा पडदा दिसला की ते थबकत. कोणी म्हणे, बिघडला का? कोणी म्हणे, मॅडम काय हॅकर आहेत का? एकदा शेजारच्या काकू कुंकवाला आल्या आणि म्हणाल्या, “घरात असं काळं-काळं लावून बसू नये नलूताई, दिवेलागण झाली.” नलिनीनं टर्मिनलचा रंग तिथल्या तिथे बदलून पिवळा करून दाखवला. काकू खूश झाल्या. त्या गेल्यावर तिनं तो पुन्हा काळा केला.

तिचे डोळे जात होते. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजत होता, त्यामुळे समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. माणसाचा चेहरा पाहायचा तर ती त्याच्या कानाकडे पाही. कॉलेजात याचा अर्थ असा लावला गेला की मॅडमना गर्व झाला आहे, त्या नजर देत नाहीत. हे बोलणाऱ्यांपैकी दोघं तिचेच विद्यार्थी होते, आता तिचे सहकारी. तिनं कोणाला खुलासा केला नाही. मुदतीच्या वर्षभर आधी निवृत्ती घेतली आणि निरोपसमारंभाला सगळ्यांच्या कानांकडे पाहून आभार मानले.

मोबाईल तिनं सोडला तेव्हा मी भांडलो होतो. मग एक दिवस तिचं पाहत बसलो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, केसासारखी बारीक. दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट येई आणि काल उजवीकडे असलेलं बटण आज डावीकडे जाई. डोळस माणूस एक शिवी देतो आणि नवी जागा शिकतो. जिला बटण दिसत नाही, नुसतं आठवतं, तिनं काय करायचं? कोणीतरी गार खोलीत बसून, चांगलं दिसावं म्हणून, माझ्या बायकोच्या घरातलं सामान दर दोन महिन्यांनी हलवत होता आणि त्याला सुधारणा म्हणत होता. मी आयुष्यात कोणाला सणसणीत पत्र लिहिलेलं नाही. हे लिहायला हवं होतं. कोणाला लिहायचं तेच कळलं नाही.

टर्मिनलात काही हलत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी शिकलेली ओळ आजही तेच काम करी. आणि काय हलवायचं ते तिच्या हातात होतं. एक साधी लिखित फाईल. अक्षर कोणतं, किती मोठं, मागचा रंग, पुढचा रंग, ओळींमधली जागा, कर्सर कसा, घंटी वाजावी की नाही. एकेका ओळीत एकेक गोष्ट. ओळीच्या आधी एक ठरावीक चिन्ह टाकलं की पुढचा मजकूर कॉम्प्युटर वाचत नाही; तो माणसासाठी असतो, टीप म्हणून. नलिनी प्रत्येक बदलाला टीप लिही. मराठीत. का बदललं ते.

म्हणजे ती मांडणीची फाईल होती खरी, पण ती वाचली की तिचे डोळे कधी किती गेले ते ओळीनं कळत होतं. डॉक्टरांच्या फाईलीत नुसते आकडे होते.

त्या उन्हाळ्यापर्यंत अक्षराचा आकार अठ्ठावीसवर आला होता आणि तोही पुरेना. ती फाईल स्वतः वाचू शकत नव्हती. मग दुपारची जेवणं झाली, कूलर लावला, की मी शेजारी खुर्ची घेऊन बसायचो. मी वाचायचं, तिनं ऐकायचं, ती सांगेल ते मी लिहायचं. मला टायपिंग दोन बोटांनी येतं. ती बोटांनी टेबलावर ताल धरी. “तुमच्या हातानं परीक्षा दिली असती तं मी नापासच झाली असती,” असं म्हणे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई तेव्हा आम्ही उठून टाक्या भरायचो आणि परत येऊन बसायचो. वीज जायची. मग ती अंधारलेल्या पडद्यासमोर बसून पुढच्या ओळी तोंडी सांगे आणि मी कागदावर उतरवून घेई. कागद कूलरच्या पाण्यानं दमट व्हायचे. ते मी काम झालं की फेकून देत असे. तेव्हा फाईल होती ना.

पहिल्याच दिवशी मी वरून वाचायला लागलो. “अक्षराचा आकार चौदा. टीप: पुरतो.” जुन्या ओळी तिनं पुसल्या नव्हत्या, पुढे ते चिन्ह टाकून नुसत्या बंद ठेवल्या होत्या. पुढची ओळ. “आकार सोळा. टीप: डॉक्टर म्हणतात चष्मा बदला. चष्मा काय करीन.” मी हसलो. तीही हसली. मग वाचलं, “आकार अठरा. टीप: यांना सांगायचं नाही, बोर्डाचे पेपर तपासणं चालू आहे.”

मी थांबलो.

“पुढचं वाचा नं,” ती म्हणाली.

“हे कधीचं?”

“जुनं हाय ते. वाचा.”

“नलू, कधीचं आहे?”

“तुम्ही ज्या साली नागपूरले मॉडरेशनले गेले होते, त्या सालचं. आता तुम्हाले सांगून काय फायदा होता तेव्हा? तुम्ही पेपर टाकून घरी बसले असते. आन् माझे डोळे काय तुम्ही घरी बसल्यानं थांबले असते?”

मी हिशोब केला. सहा वर्षं. सहा वर्षं एका घरात राहून मला जे माहीत नव्हतं ते कॉम्प्युटरातल्या एका फाईलला माहीत होतं. त्या दुपारी मी तिच्यावर रागावलो आणि स्वतःवर त्याहून जास्त. संध्याकाळी ती चहा घेऊन आली, कपबशी माझ्या हातात न देता अंदाजानं हाताजवळ ठेवली, आणि म्हणाली, “आता तं सगळं वाचलं नं? आता काही लपलं नाही. उद्या रंग घेऊ.”

रंगांचा तो आठवडा मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. टर्मिनलचे ठरावीक रंग असतात, आणि ते आधीच कोणीतरी ठरवून दिलेले असतात. त्यांत काळ्यावर गडद निळा. तिला तो दिसत नव्हता, यात नवल नव्हतं. मला दोन चांगले डोळे असून नीट दिसत नव्हता. फोल्डरांची नावं त्या निळ्यात येत, म्हणजे आपण कुठे आहोत आणि कुठे जाता येईल हेच नेमकं वाचता येत नसे. हे वर्षानुवर्षं चाललंय म्हणे. जगभर लाखो लोक डोळे बारीक करून वाचतात आणि कोणी तक्रार करत नाही, कारण ज्यांना दिसत नाही ते स्वतःला दोष देतात. नलिनीनं दिला नाही. तिची टीप मला शब्दाला शब्द आठवते, कारण ती टाईप करताना मी तिला विचारलं होतं की हे खरंच लिहायचं का: “निळा काढला. काळ्यावर निळं लिहायला कोणाच्या बापानं सांगितलं होतं?”

“लिहा,” ती म्हणाली. “घरचंच वाचनार हाय.”

रंग सहा खुणांनी लिहितात, काही आकडे, काही इंग्रजी अक्षरं. मी ते मोठ्यानं म्हणायचो, ती कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, जरा पिवळा वाढवा. मी दोन खुणा बदलायचो, फाईल साठवायचो, आणि पडदा त्याच क्षणी बदलायचा. ती चेहरा कडेला वळवून पाही. नाही. अजून. नाही. कमी करा. दुपारभर आम्ही एका पिवळ्याच्या मागे होतो. शेवटी जो सापडला तो पिकत आलेल्या लिंबाचा होता. त्याच्या सहा खुणा मला अजून पाढ्यासारख्या पाठ आहेत. शाळेत मुलांकडून पाठ करून घेताना मी हेच सांगायचो: मोठ्यानं म्हणा, राहील.

मराठीनं आम्हाला छळलं. टर्मिनलात प्रत्येक अक्षराला एक घर असतं, बुद्धिबळाच्या पटासारखं, आणि इंग्रजी अक्षरं त्यात मुकाट बसतात. आपली बसत नाहीत. वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजारच्या घरात उभी राही, जोडाक्षरांचे तुकडे पडत. मी चाळीस वर्षं फळ्यावर नीट अक्षर काढलेला माणूस, मला ते पाहवेना. नलिनीनं चार निरनिराळी टर्मिनलं लावून पाहिली. चौथ्यात बऱ्यापैकी जमलं. “कोणी बनवनाऱ्यानं एकदा तरी आपली भाषा लिहून पाहिली असती,” मी म्हणालो. “तुम्ही बनवा मंग,” ती म्हणाली. “टीका करनारे लय हायेत.”

घंटीचीही एक ओळ होती. काम संपलं की टर्मिनल बारीक घंटी देऊ शकतं. बहुतेक लोक ती बंद करतात. तिची टीप: “घंटी चालू. मला ऐकू येतं.” ती ओट्याशी भाजी चिरत असे, आत कॉम्प्युटर काहीतरी लांबलचक करत असे. घंटी वाजली की ती हात धुऊन जाई. आमच्या घरात दूधवाल्याची, दाराची आणि टर्मिनलची अशा तीन घंट्या होत्या आणि तिला तिसरी सगळ्यात आधी ऐकू येई.

उन्हाळा संपेपर्यंत आकार बत्तीसवर आला. पडद्याच्या एका ओळीत जिथे ऐंशी अक्षरं मावावीत असं सगळे प्रोग्रॅम धरून चालतात, तिथे आमची जेमतेम चाळीस मावत. तिला त्याचं काही वाटत नसे. जुन्या विद्यार्थ्यांचे बिघडलेले प्रोग्रॅम येत, ती चाळीस-चाळीस अक्षरांत ते वाची आणि नेमकी चूक काढी. पुढच्या होळीपर्यंत तिनं हे केलं.

मग ती गेली, आणि बायका म्हणाल्या, भाग्यवान.

भरल्या कपाळानं गेली. सवाष्ण गेली. काय नशीब काढलं. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि हे माझ्या समोरून एकेक बाई बोलत जात होती. जिच्या हाताखालून सव्वीस वर्षं मुलं शिकून गेली, जिनं जाणाऱ्या डोळ्यांच्या पुढे एक पाऊल राहून आपली खिडकी पुन्हा पुन्हा मांडली, तिचं कर्तृत्व काय, तर नवऱ्याच्या आधी मेली. म्हणजे त्यात गुण मोजायचा तर माझा मोजायला हवा, मी जिवंत राहिलो. तेराव्या दिवसापर्यंत मी फक्त ‘हो’ आणि ‘बसा’ हे दोन शब्द बोललो असेन.

त्यातला एक ‘हो’ मला महागात पडला.

तेरवीला गेलेल्या सवाष्णीच्या रोजच्या वापरातल्या वस्तू दुसऱ्या सवाष्णीला देतात. लुगडं, बांगड्या, करंडा, फणी, आरसा. माझी थोरली बहीण, आक्का, रोहिणखेडहून आली होती आणि सगळं तीच पाहत होती. ती आठवी शिकलेली, करारी, आणि नलिनीवर तिचा मनापासून जीव होता. ती माझ्यासमोर येऊन बसली.

“दिनू, तिचा आरसा-फणी काढला. पण ते पाह्यलं नं, फणी तं ती दिवसातून एकखेप घे. रोज जे हाताखाली होतं ते तं ते यंत्र होतं. खरं दान त्याचंच हाय.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“वैशालीले देतो,” ती म्हणाली. वैशाली तिची सून. “गावात बायांचे फॉर्म भरून देते, तिले कामी येईन. घरात ठेवून तू काय करशीन? तिचा जीव त्याच्यातच अडकून राहीन. देऊ नं?”

मी ‘हो’ म्हणालो.

आक्काच्या बोलण्यात तर्क होता, हेच मला आजही टोचतं. सगळ्या पाहुण्यांत तिला एकटीलाच कळलं होतं की नलिनीचा आरसा कोणता. पण दानाची वस्तू तशीच देत नाहीत. अंगावरचं लुगडं धुऊन देतात, भांडं घासून देतात. आक्कानं कॉम्प्युटर धुवायला पाठवला.

पंधरा दिवसांनी बाजारातला दुकानदार घरी येऊन मला एक पेनड्राइव्ह देऊन गेला. मी तो कपाटात ठेवला. उघडण्याचं धाडस वैशाखात झालं. फोटो होते, शेकड्यांनी. पेन्शनचे कागद होते. आम्ही एकदा शेगावला गेलो होतो तेव्हाची, प्लॅटफॉर्मवर वाऱ्यानं उडणारा पदर धरून बसलेली ती होती. फाईल नव्हती. मी दोनदा पाहिलं. मग टोपी घालून भर दुपारी दुकानात गेलो.

“सर, सगळं तं काढून देल्लं,” तो म्हणाला. “डॉक्युमेंट, फोटो, डेस्कटॉपवरचं. पुरं.”

“टर्मिनलच्या मांडणीची फाईल नाही त्यात.”

“ते काळ्या खिडकीचं?”

“हो.”

“तुम्हाले सांगतो सर, चालू केला का सिद्धा काळा पडदा. एवढाले अक्षरं. माउस बी दिसे ना. मले वाटलं व्हायरसच हाय. तुमच्या ताई म्हणे एकदम कोरा करून द्या, तं म्या पुरा फॉरमॅट मारला, नवीन सिस्टीम टाकून देल्ली. फ्रीमधी.”

“त्या फाईलचं नाव टिंबानं सुरू होतं,” मी म्हणालो. “अशा फाईली दिसत नाहीत. मुद्दाम दाखवा म्हटलं तर दिसतात.”

“मंग ज्या दिसतच नाही, त्या मी कशा काढू सर?”

हे तो उर्मटपणे म्हणाला नाही. खरंच विचारत होता. हे टिंबाचं मला नलिनीनंच सांगितलं होतं: जे रोज लागतं पण रोज पाहायचं नसतं, ते असं ठेवतात, घरात पसारा दिसू नये म्हणून. दुकानदाराला ते माहीत असायला हवं होतं, तो त्याचा धंदा आहे. मला माहीत होतं आणि मी भिंतीला टेकून ‘हो’ म्हणालो. माझा धंदा काय होता? जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं दाखवल्या.

त्याच आठवड्यात मी रोहिणखेडला गेलो. मेहकरहून बुलढाणा, बुलढाण्याहून मोताळा, तिथून पुढची गाडी. खिडकीची काच गरम, बाहेर नांगरून पडलेली काळी रानं. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. आक्काला काय म्हणायचं, वैशालीला काय म्हणायचं. सौम्य वाक्यं नव्हती ती. जुन्या मशिदीपुढच्या गल्लीत आक्काचं घर आहे. ओसरीवर तीन बाया बसल्या होत्या, आत वैशाली कॉम्प्युटरवर कोणाचा तरी फॉर्म भरत होती. मला पाहून तिनं पदर सावरला, बायांना म्हणाली, “थांबा जराशा, माहे मामाजी आले,” आणि खुर्ची रिकामी करून दिली.

आक्का शेतात गेली होती. मी वैशालीला सांगितलं. फाईल काय होती, तिच्यात काय होतं. यांना सांगायचं नाही, ही टीपही सांगितली. ती उभ्यानं ऐकत राहिली.

“मामाजी, मले कोणी बोललंच नाही,” ती म्हणाली. “मले वाटलं मामीजीचं मशीन हाय, लक्षुमी समजून घ्यावं. आजच घेऊन जा तुम्ही. म्या हे फॉर्म हातानं भरीन.”

मशीन घेऊन मी काय करणार होतो? त्यात आता पांढरा पडदा होता आणि बारीक अक्षरं. राग बसमधून इथपर्यंत आणला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. समोर एक बाई रडवेली होऊन हातातलं काम परत करत होती.

मी खुर्चीत बसलो, काही सापडतं का ते पाहायला. काही सापडलं नाही, ते सापडणारच नव्हतं. पण कळफलकावर, वरच्या ओळीतल्या तीन कळांवर, टिकल्या होत्या. साध्या, लाल, कपाळाला लावायच्या. बोटाला कळ लागावी म्हणून नलिनीनं चिकटवलेल्या.

“ह्या नाही काढल्या?”

“दुकानदार खरडून काढत होता,” वैशाली म्हणाली. “सासूबाईनं त्याले हात धरून थांबवलं. म्हणे सवाष्णीची टिकली खरडत नसतात.”

आक्कानं सगळं धुवायला लावलं आणि ह्या तीन ठेवल्या. मी त्यांच्यावर बोट ठेवून पाहिलं. पाचवी कळ. आठवी. नववी. पाचवीनं अक्षर मोठं व्हायचं. आठवीनं मागच्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू व्हायचा, पण त्याला फक्त इंग्रजी येई. नववी मला आठवेना. वैशालीनं चहा आणला, तो निवला, तेव्हा आठवली: पडदा पुसून कर्सर वर न्यायची. तीन कळांच्या, फाईलीतल्या तीन ओळी. मी खिशातल्या बसच्या तिकिटामागे त्या लिहून घेतल्या.

निघताना वैशाली म्हणाली, “मामाजी, मामीजी काळ्यावर पिवळंच काऊन ठेवत होत्या? ओसरीवर ते यशोदाबाई हाय नं, तिले बी पांढऱ्यावर काहीच दिसत नाही. तिचा फॉर्म मलेच वाचून दाखवा लागते.”

मी परत बसलो. नव्या सिस्टीममध्ये तिचं टर्मिनल नव्हतं, पण रंग उलटे करायची आणि अक्षर वाढवायची सोय कुठेतरी खोल पुरून ठेवलेली होती. ती आम्हाला अर्ध्या तासानं सापडली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीची सोय इतक्या बारीक अक्षरांच्या इतक्या याद्यांमागे का ठेवतात, हे मला कोणी तरी समजावून सांगावं. यशोदाबाई आत आल्या, मान जरा तिरपी करून पडद्याकडे पाहिलं, आणि आपलं नाव वाचलं. मग म्हणाल्या, “आडनाव चुकलं वं पोरी.”

आक्का शेतातून आली तेव्हा माझी गाडी निघायची वेळ झाली होती. वैशालीनं तिला आतच सगळं सांगितलं असावं. ती माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, “तू हो म्हणला होता, दिनू.”

“हो,” मी म्हणालो.

“तुले ‘नाही’ म्हणता आलं असतं.”

“आलं असतं.”

तिनं मला पिशवीतून चार कैऱ्या दिल्या. मी त्या घेतल्या. मला तिच्यावर अजून राग आहे. तिला ते माहीत आहे, आणि ती दर पंधरा दिवसांनी फोन करते.

मी एक जुना लॅपटॉप आणून त्यावर लिनक्स, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरात होती तीच सिस्टीम, बसवून घेतलं. तिच्या एका विद्यार्थ्यानं फोनवर एकेक पायरी सांगितली. माझी दोन बोटं किती वेळ घेतात याबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. ते चौथं टर्मिनल शोधायला आठवडा गेला. मग मी टिंबानं सुरू होणारी एक रिकामी फाईल केली आणि दुपारी दुपारी तिच्यासमोर बसायला लागलो. रंग सगळे आठवले. कर्सर आठवला: भरीव ठोकळा, न लुकलुकणारा. ओळींमधली जागा आठवायला आषाढ उजाडला. टिपा अवघड होत्या. मतितार्थ आठवे, शब्द माझे येत. एखादी टीप लिहिली की ती फार नीट वाटे, शाळेतल्या निबंधासारखी, आणि मग कळे की ही तिची नाही. मी ती पुसून टाकी. तिच्या नावावर माझं वाक्य खपवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

वर्ष असं गेलं. परवा वर्षश्राद्ध झालं. भटजी म्हणाले, भाग्यवान बाई. मी म्हणालो, “तसं म्हणू नका.” त्यांनी पुढचा मंत्र म्हटला.

आता फाईलीत एकोणतीस ओळी आहेत. माझ्या अंदाजानं तिच्या फाईलीत साठेक होत्या. टिपा सात आहेत, शब्दाला शब्द तिच्या. जिथे टीप आठवली नाही तिथे जागा कोरी आहे. अक्षराचा आकार बत्तीस आहे. मला चौदा पुरतो. मी तो बदललेला नाही.